कलास्वातंत्र्याचा ठराव: 'सार्वजनिक सुव्यवस्था' हा अपवाद ठेवायचा का?

शाईचा डाग (धागाकर्ती):
नेशनस्टेट्स न खेळणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकाने २००२ साली सुरू केलेला हा ब्राउझरवरचा खेळ. आपला देश काढायचा आणि समोर येतील त्या प्रश्नांवर निर्णय घेत तो घडवायचा. हवं तर वर्ल्ड असेंब्लीत सामील व्हायचं. (तिचं नाव आधी संयुक्त राष्ट्रंच होतं, खऱ्या संस्थेची नोटीस आली म्हणून २००८ मध्ये बदललं.) तिथे मंजूर झालेला ठराव सगळ्या सदस्य देशांना पाळावाच लागतो.

'एज्युकेशन अँड क्रिएटिव्हिटी' या वर्गात मी एक ठराव मांडणार आहे. मसुदा असा:

१. आशय आवडला नाही म्हणून कोणतंही सदस्य सरकार कलाकृतीवर बंदी घालणार नाही, ती जप्त किंवा नष्ट करणार नाही, कलाकाराला शिक्षा करणार नाही.
२. अपवाद दोनच. कलाकृती घडवताना कुणाला प्रत्यक्ष इजा झाली असेल, किंवा कुणावर लगेच हल्ला करा अशी तिच्यात उघड चिथावणी असेल.
३. सरकारने पैसा पुरवावा किंवा कुणी आपलं सभागृह द्यावं, अशी सक्ती नाही.

आपल्या रीजनमधल्या (खेळातल्या देशांच्या गटातल्या) दोघांना तिसरा अपवाद हवा आहे: 'सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका असल्यास'. तो मला अजिबात मान्य नाही. कॉलेजात असताना आमच्या एकांकिकेची संहिता परवानगीसाठी गेली होती. परत आली तेव्हा एका वाक्याभोवती लाल पेनाने वर्तुळ होतं आणि समासात एकच शब्द, 'वातावरण'. कसलं वातावरण, कुणाचं, कधी बिघडणार, काही नाही. आम्ही वाक्य काढलं. पुढच्या वर्षी तसलं वाक्य आम्ही लिहिलंच नाही, आणि मला खुपतं ते हे दुसरं.

खाडिलकरांच्या १९०७च्या 'कीचकवधा'ची गोष्ट तर महाभारतातली. पण प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसला, द्रौपदीत देश दिसला, आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने बंदी घातली. राज्य करणाऱ्याला सुव्यवस्था धोक्यात दिसायला एवढं पुरतं.

मठाधिपती:
माझा विरोध आहे, आणि तो मनापासून आहे. माझा देश सहा वर्षं मी एका विरक्त पंथाचं राज्य म्हणून घडवला आहे. तिथे देवाची प्रतिमा काढत नाहीत. प्रत्येक प्रश्नावर त्याच धोरणाने निर्णय घेत आलो. आता चार दिवसांच्या मतदानात हजारो अनोळखी खेळाडू ठरवणार की माझ्या राज्यात चित्रकाराला हात लावायचा नाही. ज्यांना मोकळा देश हवा त्यांनी तो खुशाल घडवावा, मी आड येत नाही. सगळे देश एकसारखेच व्हायचे असतील तर प्रत्येकाला वेगळा देश दिला तरी कशाला?

शाईचा डाग:
पण असेंब्लीचं सदस्यत्व ऐच्छिक आहे. एका क्लिकवर बाहेर पडता येतं.

मठाधिपती:
तुम्हाला ते सोपं वाटतं. बाहेर पडलो की माझ्या सगळ्या एन्डॉर्समेंट (रीजनमधल्या इतर सदस्य देशांनी दिलेले पाठिंबे) गेल्या, ठरावांवर मत गेलं, डेलिगेट म्हणजे रीजनचा असेंब्लीतला प्रतिनिधी निवडण्यातला वाटाही गेला. 'पटत नसेल तर गाव सोड' असं सांगण्यासारखंच आहे हे.

तळटीप:
तत्त्वाचं नंतर बघू, आधी नियम. अभिव्यक्तीवर लागू असलेला ठराव आणि तुमचं पहिलं कलम यांत फारसा फरक नसेल, तर पुनरुक्ती म्हणून तो मतदानापर्यंत पोचणारच नाही. कला म्हणून वेगळं काय देताय ते स्पष्ट लिहा. मला वाटतं ते 'जप्त किंवा नष्ट' या शब्दांत आहे. भाषणाला तोंड बंद करण्याचा धोका असतो, पण चित्र जाळता येतं, मूर्ती फोडता येते आणि ती परत येत नाही. त्यावर भर द्या. आणि कर्झन, खाडिलकर इथेच ठेवा, ठरावात खऱ्या जगाचा उल्लेख चालत नाही. मंजूर ठरावात दुरुस्ती होत नाही हेही ध्यानात असू द्या. एक शब्द चुकला तरी आख्खा ठराव रद्द करून नवा आणावा लागतो.

बोरूबहाद्दर:
सुव्यवस्थेचा अपवाद सुचवणारा मीच. लाल वर्तुळाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण उलट बाजूही बघा. दोन जमातींत आधीच पेटलेलं आहे, आणि अशा वेळी कुणी मुद्दाम एकीच्या वस्तीसमोर भिंतभर चित्र काढतो. 'हल्ला करा' असं तो कुठेच लिहीत नाही. तुमच्या दुसऱ्या कलमात तो बसत नाही. रात्री घरं जळाली तर सरकारने काय करायचं?

शाईचा डाग:
जाळणाऱ्यांना पकडायचं. वस्तीला पहारा द्यायचा. चित्र झाकलं की दंगेखोराला कळतं, दगड उचलला की सरकार आपलं ऐकतं. मग पुढच्या वेळी तो दगड आधी उचलतो.

बोरूबहाद्दर:
पहारा पोचेपर्यंत जे घर जळतं त्या घरातल्या माणसाला हे सांगून बघा. कायमची बंदी मीही मागत नाही. मुदत घाला, तीन दिवस म्हणा, आणि न्यायालयाची परवानगी सक्तीची करा.

रानवाट:
दोन्ही बाजू सरकार आणि कलाकार एवढ्यावरच अडल्या आहेत. वारलीची नक्षी चादरींवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसते. ज्या पाड्यांवर ती तांदळाच्या पिठाने लग्नघराच्या भिंतीवर काढतात, तिथे त्यातले किती पैसे पोचतात? उद्या एखाद्या देशाने अशा जमातीची विधीतली चित्रं तिच्या संमतीशिवाय विकायला मनाई केली, तर तुमच्या पहिल्या कलमाने ती बेकायदा ठरेल. म्हणजे ठराव नक्कल करणाऱ्याचा कैवारी होणार.

शाईचा डाग:
रानवाट, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या कलमात 'आशय आवडला नाही म्हणून' असे शब्द आहेत, आणि संमतीशिवाय विक्री ही मालकीची बाब, आशयाची नाही. पण तसं स्वच्छ लिहिलेलं नाही. चौथं कलम घालते: 'कलाकृतीच्या मालकीचे किंवा मोबदल्याचे कायदे या ठरावाने बाधित होत नाहीत, मात्र त्यांचा वापर बंदीची पळवाट म्हणून करता येणार नाही.'

तीन दिवसांच्या मुदतीवर काल रात्रभर विचार केला. नाटकाचा प्रयोग शनिवारी असतो. त्याच्यासाठी तीन दिवस म्हणजे कायमची बंदीच. तो अपवाद घालणार नाही.

मठाधिपती:
प्रस्ताव मांडायला दोन एन्डॉर्समेंट लागतात आणि तुमच्याकडे एकच दिसते. दुसरी मी दिली आहे. मत विरोधातच देणार, आणि मोठ्या रीजनच्या डेलिगेटांनाही तसं कळवणार. त्यांचं एक मत शेकडोंच्या वजनाचं असतं आणि पहिल्या काही तासांत तेच पडतं, तेव्हा तुम्हीही त्यांना आधीच टेलिग्राम (खेळातला निरोप) पाठवून ठेवा.

तळटीप:
चौथ्या कलमातला 'मोबदला' राहू द्या, पण 'पळवाट' काढा. तो शब्द प्रत्येक देश आपल्या सोयीने वाचेल. 'ज्या निर्बंधाचा मूळ हेतू आशय दडपण्याचा आहे' असं लिहा.

शाईचा डाग:
बदललं. रविवारी रात्री सादर करते.