कोळंबीच्या टरफलांपासून जखमेचं ड्रेसिंग, एमएस्सी प्रोजेक्टला जमेल का?

सोडेवाली_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. मी एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर मिरकरवाडा बंदराजवळ. कोळंबी सोलून झाली की डोकी-टरफलांचे ढीग पडतात, थोडं खताला जातं, थोडं कोंबडीखाद्याला, आणि उरलेलं तिथेच सडतं, वासाबद्दल तर बोलायलाच नको. त्यात कायटिन (टरफलाला आकार देणारा नैसर्गिक पदार्थ) असतं, त्यावर प्रक्रिया करून कायटोसॅन होतं आणि ते जखमेवर चालतं एवढं शिकलेय. दुसरीकडे माझ्या मावशीच्या पायाला डायबेटिसची जखम आहे, रोज कोरडी गॉज चिकटून बसते आणि ओढली की पुन्हा रक्त येतं, मला ते बघवत नाही. म्हणून मनात आलं की आपल्याच बंदरातल्या टरफलांपासून न चिकटणारं, नंतर मातीत कुजून जाणारं ड्रेसिंग करावं. गाईड म्हणतात टॉपिक चांगला आहे पण जुना आहे. खरंच काही करण्यासारखं आहे का यात? आणि चांगलं झालं तर मावशीला लावता येईल का?

पॉलिमरवाला_पुणे
टॉपिक जुना असला म्हणून संपलेला नाही. कायटोसॅनचं रक्त थांबवणारं ड्रेसिंग अमेरिकेत २००२ मध्ये मंजूर झालं, त्यांच्या सैन्याने वापरलं, आपल्याकडे अहमदाबादच्या कंपनीचं ॲक्सिओस्टॅट मिळतं, म्हणजे मटेरियल काम करतं हे तुला नव्याने सिद्ध करायचं नाहीये. त्याच्यावर प्लस चार्ज असतो, लाल रक्तपेशींवर बाहेरून मायनस, त्यामुळे पेशी एकमेकींना धरून गोळा होतात आणि रक्त थांबतं, म्हणूनच अँटिकोॲग्युलंट (रक्त गोठू न देणारं औषध) घातलेल्या रक्तातही हे चालतं.

खरी गोची आहे ती एकसारखेपणाची. टरफल आधी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतात, सोडा वॉटरसारखा फेस येतो, तो कॅल्शियम कार्बोनेट विरघळल्याचा, फेस थांबला की टरफल बोटात मऊ पडतं, वाकवलं तरी मोडत नाही. मग सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रोटीन काढायचं, ते कायटिन. त्याचं कायटोसॅन करायला ४०-५० टक्के कॉस्टिक आणि १०० डिग्रीच्या आसपास तापमान लागतं. आता कोळंबीची जात बदलली, सीझन बदलला, टरफल दोन तास उन्हात जास्त पडून राहिलं की शेवटचा माल बदलतो, एक बॅच १ टक्का ॲसेटिक ॲसिडमध्ये छान विरघळते आणि दुसरीत नुसत्या गुठळ्या. त्यामुळे प्रत्येक बॅचचं डीॲसिटिलेशन (कायटिनमधले ॲसिटिल गट निघणं) किती टक्के, व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रावणाचा दाटपणा किती, राख किती हे मोजून ठेव. समुद्रातल्या मिक्स मालापेक्षा तलावात पाळलेल्या व्हॅनामेई कोळंबीची टरफलं घे, एकच जात, एकाच साइजची. आणि हो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्राच्या मालावर विसंबून टाइमटेबल केलंस तर लटकशील.

अजून एक, प्रोजेक्टमध्ये हमखास फसतात ते सांगतो. बॅक्टेरियाच्या प्लेटवर कायटोसॅनच्या फिल्मचा (पातळ पापुद्र्याचा) तुकडा ठेवून झोन, म्हणजे भोवती बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ, बघायचा असं सगळे करतात, पण कायटोसॅन फिल्ममधून बाहेर पसरतच नाही, मग झोन येत नाही आणि पोरं म्हणतात ॲक्टिव्हिटी नाही. फिल्मला लागून असलेल्या बॅक्टेरियाची कॉलनी काउंट कर.

बर्न्सवॉर्ड_सिस्टर
ताई, आधी मावशींचं. घरी किंवा कॉलेजात केलेलं काहीही त्या जखमेवर लावू नकोस, कितीही चांगलं झालं तरी. स्टराइल (जंतुमुक्त) नसलेली वस्तू डायबेटिक पायावर म्हणजे बोट गमवायची वेळ येऊ शकते. डॉक्टरांना सरळ विचार की कोरडी गॉज का, न चिकटणारं ड्रेसिंग चालेल का, पायावरचा भार कमी करायला चप्पल किंवा प्लास्टर काय देताय. शुगर आणि पायावरचा दाब याकडे लक्ष नसेल तर भारीतलं ड्रेसिंगही काही करू शकत नाही. कडेने लाली पसरली, पाय काळा पडायला लागला, वास किंवा ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

जखम कोरडी पाडावी हा आपल्याकडे अजून घट्ट समज आहे. १९६२ सालीच जॉर्ज विंटर यांनी डुकरांवर दाखवलं होतं की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने येते. सागरी शेवाळापासूनचं अल्जिनेट ड्रेसिंग याच कामाचं, जखमेतल्या पाण्यातलं सोडियम घेतं, स्वतःतलं कॅल्शियम सोडतं आणि जेल बनतं, मग काढताना ओढावं लागत नाही. फार पाणी सुटणाऱ्या जखमेला ते चांगलं, कोरड्या जखमेला नाही. म्हणून तू "जखमेसाठी" असं मोघम न लिहिता कोणत्या जखमेसाठी ते आधी ठरव.

आणि बायो-बेस्ड म्हटलं की मला आमचं केळीचं पान आठवतं. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर आणि रोपणासाठी कातडी काढलेल्या जागेवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून २००३ मध्ये पेपर छापले. त्याआधी १९८५ मध्ये मुंबईचेच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग मांडलं होतं. पानाचा मधला दांडा काढायचा, धुवायचं, ऑटोक्लेव्ह करायचं (दाबाच्या वाफेत जंतुमुक्त करायचं), बाहेर येतं तेव्हा हिरवा रंग गेलेला असतो पण वरचा मेणाचा थर असतो आणि तो चिकटत नाही. भाजलेल्या माणसाला ड्रेसिंग सोडताना होणारं दुखणं ज्याने बघितलंय त्याला यातलं मोल कळेल. हे कुठल्याही नव्या मशीनशिवाय झालं, सरकारी वॉर्डात झालं, आणि मोजून, तुलना करून झालं. फक्त कृपा करून कुणी हे वाचून परसातलं पान तोडून भाजल्यावर बांधू नका. भाजल्यावर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं, मग डॉक्टर.

एफ्लुएंट_बघणारा
सगळे ड्रेसिंगवर बोलताय, मी पाण्यावर बोलतो कारण नोकरीच ती आहे. टरफल फुकट मिळालं म्हणून ते सस्टेनेबल होत नाही. ॲसिड, कॉस्टिक, प्रत्येक स्टेपनंतर न्यूट्रल होईपर्यंत धुणं, ते सगळं पाणी जाणार कुठे? खाडीत सोडलंत तर बंदराचा वास घालवला आणि खाडीतले मासे घालवले असं होईल. म्हणून ताई, प्रोजेक्टला नवीन काही हवं असेल तर इथे शोध. लॅक्टोबॅसिलस (दह्यातल्यासारखे बॅक्टेरिया) आणि उसाची मळी (मोलॅसिस) घालून टरफलं आंबवतात, लॅक्टिक ॲसिड कॅल्शियम काढतं, एन्झाइम प्रोटीन सोडवतात, आणि जो रस निघतो तो खाद्यात वापरता येतो. कायटिन केमिकलइतकं स्वच्छ निघत नाही, शेवटी थोडं ॲसिड-कॉस्टिक लागतं, आणि डीॲसिटिलेशनला कॉस्टिक चुकत नाही, पण एकूण ॲसिड बरंच वाचतं. एक किलो कायटोसॅनमागे दोन्ही पद्धतीत पाणी, ॲसिड, कॉस्टिक किती गेलं याचा नुसता तक्ता जरी नीट केलास तरी मी तो वाचेन.

सोडेवाली_रत्नागिरी
खूप खूप आभार सगळ्यांचे. सिस्टर, उद्याच डॉक्टरांशी बोलते, मावशीला माझ्या फिल्मपासून लांब ठेवते. आंबवण्याचं एकदम पटलं, पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखाने आहेतच, मळी मिळेल. व्हॅनामेईची टरफलं, दोन पद्धती, त्याच मालाची फिल्म आणि तुलना, असं मांडते गाईडना. एक शंका, स्टराइल कसं करू? ऑटोक्लेव्ह चालेल ना? आणि कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांचं काय?

पॉलिमरवाला_पुणे
ऑटोक्लेव्हला फिल्म पिवळी पडते, कायटोसॅनच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, ताकद जाते. गॅमा किरणांनीही साखळ्या तुटतात पण कंपन्यांत बऱ्याचदा तेच वापरतात. तू आधी-नंतरची ताकद आणि व्हिस्कॉसिटी मोज, तोच एक चांगला चॅप्टर होईल. ॲलर्जी येते ती मुख्यतः ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रोटीनमुळे, कायटोसॅनमुळे नाही, म्हणजे आंबवलेल्या मालात किती प्रोटीन उरलं हे मोजल्याशिवाय पुढे जाऊच नकोस, तिथेच तुझी पद्धत टिकेल किंवा पडेल. उंदरांवर वगैरे जायचं असेल तर एथिक्स कमिटीचा अर्ज आत्ताच टाक, वेळ लागतो. आणि टरफलं आणलीस की त्याच दिवशी धुऊन वाळव, रात्रभर बादलीत ठेवू नकोस.