मदत हवी आहे: लिनॅकमधली (इलेक्ट्रॉनला वेग देऊन रेडिएशन देणाऱ्या मशीनमधली) मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनला ढकलते कशी?

नमस्कार मंडळी, मी देवगडचा, बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. आईच्या रेडिएशनसाठी कोल्हापूरला फेऱ्या चालू होत्या तेव्हा तिथल्या फिजिसिस्टनी सांगितलं की लिनॅकमध्येपण मॅग्नेट्रॉनच (मायक्रोवेव्ह तयार करणारी नळी) असतो, फक्त घरच्या ओव्हनचा २४५० मेगाहर्ट्झवर हजारेक वॅटचा आणि हा ३००० च्या आसपास, काही मायक्रोसेकंदांच्या पल्समध्ये दोन-तीन मेगावॅट देणारा. तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये.

एवढं कळलं की तांब्याच्या नळीत लाट सोडतात आणि इलेक्ट्रॉन तिच्यावर स्वार होतात, आपली होडी लाटेबरोबर किनाऱ्याला लागते तशी. साध्या वेव्हगाइडमध्ये, म्हणजे अशा नुसत्या पोकळ नळीत, लाटेचा फेज वेग (तिचे उंचवटे पुढे सरकण्याचा वेग) प्रकाशापेक्षा जास्त, म्हणून आत भोकं असलेल्या चकत्या बसवून तो कमी करतात, हेही पटलं. आता १ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेलाच इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ९४ टक्के वेगाला पोचतो, मग चकत्यांमधले सुरुवातीचे कप्पे आखूड आणि पुढचे सगळे सारखे ते याचमुळे ना?

आणि खरं अडलोय ते इथे, स्टँडिंग वेव्हवाल्या मशीनमध्ये लाट पुढे सरकतच नाही तर प्रत्येक कप्प्यात धक्का पुढेच कसा मिळतो? पोरांना फळ्यावर काढून दाखवता येईल असं कोणी समजावून सांगाल का, प्लीज.