जॉनी कॅशचा शेवटचा अल्बम आणि आमच्या बाबांची बंद पेटी

लोकमान्यनगरची_लेक

नमस्कार. प्रश्न लांबणार आहे, पण निम्माच सांगितला तर कळायचा नाही.

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. बाबा ८१ वर्षांचे. दिवसा शाळेत गणित शिकवलं आणि संध्याकाळी गायले, आयुष्यभर. गणेशोत्सव, कोजागिरी, कुणाकडची सत्यनारायणाची पूजा, बोलावणं आलं की पेटी घेऊन निघायचे. अलीकडे दमा वाढला. दोन वर्षांपूर्वी गणपतीत एका भावगीताच्या दुसऱ्या कडव्याला श्वास मध्येच तुटला आणि पुढचा शब्द तोंडातच राहिला. समोरच्यांनी टाळ्या वाजवून वेळ निभावली. बाबा घरी आले, पेटीवर आईच्या जुन्या साडीचा तुकडा घातला आणि ती कपाटावर चढवली. तेव्हापासून गाणं बंद. विषय काढला की एकच उत्तर: "गेलेला आवाज लोकांना ऐकवायचा नसतो."

मुलगा बंगळुरूला असतो. दिवाळीत आला तेव्हा दुपारी त्याने बाबांच्या खोलीत जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकाचा २००२ सालचा अल्बम लावला, 'दि मॅन कम्स अराउंड'. कॅश तेव्हा ७० वर्षांचा. मधुमेह, दमा, नसांचा आजार. १५ गाणी, त्यातली बहुतेक दुसऱ्यांची. मी स्वयंपाकघरात शेंगा निवडत होते, अर्ध्या कानाने ऐकत होते.

दुसरंच गाणं 'हर्ट'. ते लागलं तसे पलंगावर आडवे असलेले बाबा उठून बसले. "परत लाव," म्हणाले. चार वेळा लावलं. तिसऱ्या वेळी त्यांनी बोट वर केलं, वर्गात मुलांना गप्प करायला करायचे तसं. "इथे. ऐकलंस? ओळीच्या आधी श्वास घेतला त्याने. आणि त्यांनी तो कापला नाही." शेवटाकडे पियानोचा एकच सूर घणासारखा पडत राहतो, सगळं वर चढत जातं. बाबा मांडीवर तो ठोका धरून बसले होते. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "घाई केली नाही बघ कुठे."

त्या रात्री ते जेवताना फारसे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "ही गाणी त्याची नाहीत म्हणतेस? मग त्याचीच का वाटतात?"

मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारते आहे. आणि दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. त्यांच्याकडून सात-आठ गाणी आता, आहे त्या आवाजात, म्हणवून घेऊन ठेवावीत असं फार वाटतंय. हे योग्य आहे का? की त्यांनी जे झाकून ठेवलंय ते मी उघडं करते आहे?

खर्ज

ताई, बाबांचा कान पक्का आहे. त्या अल्बमचं मर्म त्यांनी पहिल्या दुपारीच पकडलं.

मागची गोष्ट सांगतो. कॅशला १९८६ साली त्याच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीने सोडून दिलं होतं. तिथे त्याची जवळजवळ तीन दशकं गेली होती. त्यानंतरची वर्षं पडतीची. मग रिक रुबिन नावाचा निर्माता भेटला, जो तोवर रॅप आणि हेवी मेटलसाठी ओळखला जायचा. त्याने कॅशला लॉस एंजेलिसमधल्या आपल्या दिवाणखान्यात बसवलं, हातात गिटार दिली आणि म्हटलं, तुला आवडतात ती गाणी म्हण. १९९४ साली त्यातून पहिला अल्बम निघाला. एक गिटार, एक गळा, बस्स. तुमच्या मुलाने लावला तो या मालिकेतला चौथा, आणि कॅशच्या हयातीत निघालेला शेवटचा.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. 'हर्ट' हे गाणं ट्रेंट रेझ्नर या अमेरिकन रॉक गायकाने लिहिलं तेव्हा तो तिशीही ओलांडलेला नव्हता. ते एका तरुणाच्या अंधाराचं गाणं होतं. कॅशने त्यातला एक शिवराळ शब्द काढून काट्यांचा मुकुट केला, येशूचा. बाकी शब्द तेच. पण तरुण माणूस "ओळखीचे सगळेच शेवटी निघून जातात" म्हणतो तेव्हा ती भीती असते, आणि सत्तरीचा माणूस तेच म्हणतो तेव्हा तो हिशेब असतो. रेझ्नरने पुढे मोकळेपणाने कबूल केलं की हे गाणं आता आपलं राहिलं नाही.

त्याच अल्बमवर 'इन माय लाइफ' आहे, बीटल्सचं, १९६५ सालचं. आठवणींचं गाणं, आणि ते लिहिणारा जॉन लेनन तेव्हा २५ वर्षांचा. पंचविशीत माणसाच्या गाठीशी किती आठवणी असणार? गाणं जणू गाणाऱ्याच्या वयाची वाट बघत थांबलं होतं.

आणि एक. 'गिव्ह माय लव्ह टू रोज' हे त्याचं स्वतःचं १९५७ सालचं गाणंही त्याने यात पुन्हा म्हटलं, आणि २००३ साली त्याला ग्रॅमी मिळालं ते याच गाण्यासाठी. स्वतःचंच जुनं गाणं, तेही दुसऱ्याचं असल्यासारखं नव्याने समजून घेऊन.

साधा_श्रोता

माझं मत वेगळं आहे. ताईंनी दुसरा प्रश्न मनापासून विचारलाय, म्हणून बोलतो.

माझ्या माहितीतले एक वृद्ध गायक शेवटी अंथरुणाला खिळलेले होते. घरच्यांनी प्रेमाने उठवून बसवलं, चार ओळी म्हणवल्या, मोबाइलवर टिपल्या. ती क्लिप आठ दिवसांत सगळीकडे फिरली. ज्यांनी त्यांना भरात ऐकलं नव्हतं त्यांच्या लेखी ते म्हणजे ती धाप लागलेली चार ओळींची क्लिप. ती बघितली की मला आजही त्रास होतो. त्यांना कुणी विचारलं होतं का?

कॅशच्या 'हर्ट'चा व्हिडिओ पाहिल्यावरही मी अस्वस्थ होतो. थरथरणारा हात, ओतला जाणारा पेला, बंद पडलेलं त्याचं संग्रहालय, मागे जिन्यावर उभी राहून त्याच्याकडे बघणारी बायको. कला आहे, मान्य. पण आपल्या माणसाच्या बाबतीत मी शंभरदा विचार करीन.

देवासरोड

साधा_श्रोता, तुमचं दुःख खरं आहे, आणि "विचारलं होतं का" हाच मुद्दा आहे. कॅशला कुणी बळजबरीने बसवलं नव्हतं. १५ मे २००३ ला त्याची बायको जून कार्टर गेली. त्यानंतर त्यानेच काम मागून घेतलं. व्हीलचेअरवर होता, जमेल त्या दिवशी गायचा, ऑगस्टपर्यंत गात राहिला, आणि १२ सप्टेंबरला गेला. त्या महिन्यांतली गाणी पुढे २००६ आणि २०१० साली निघाली. ज्याला गायचं होतं त्याच्याभोवती लोकांनी माइक लावून ठेवले. तुमच्या त्या क्लिपमध्ये उलटं झालं होतं.

आता ताई, तुमच्या बाबांना अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. आपल्या घरापासून तासाभरावर देवास आहे. कुमारजी, म्हणजे शास्त्रीय गायक कुमार गंधर्व, १९४८ साली तिथे आले ते क्षय घेऊन. काही वर्षं गाणं पूर्ण बंद, आणि पुढे जन्मभर जवळपास एकाच फुप्फुसावर गायले. लांब पल्ल्याची तान त्या छातीला झेपणारी नव्हती. त्यांनी ती ओढूनताणून आणली नाही, छोटे, धारदार तुकडे घेतले आणि मधल्या शांततेला गाण्यात जागा दिली. आज आपण त्यालाच कुमारांची शैली म्हणतो.

आणि बाबांच्या "त्याचीच का वाटतात" या प्रश्नाला मराठीत एक नेमका शब्द कुमारजींनीच देऊन ठेवलाय. बालगंधर्वांची पदं त्यांनी म्हटली तेव्हा कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'मला उमजलेले बालगंधर्व'. नक्कल नाही, आदरांजलीही नाही. उमजलेले. कॅशने केलं ते हेच, त्याला उमजलेली गाणी. बाबांना असंच विचारा: बाबा, तुम्हाला आता कुठली गाणी उमजली आहेत? आवाजाबद्दल विचारू नका.

करायचं ठरलं तर अनुभवाचे दोन शब्द. पट्टी खाली आणा. पेटीच्या काळी दोनमध्ये गायची सवय असेल तर खालची पांढरी सहा, गरज पडली तर पाच. त्यांना सुरुवातीला लाज वाटेल, वाटू दे. जेवणानंतर लगेच नको, दम्याचं औषध घेतल्यावर थोड्या वेळाने बसवा. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर, म्हणजे जोर लावावा लागत नाही. पूर्ण गाणं एका दमात हवं हा हट्ट नको. ग्लेन कॅम्पबेल या दुसऱ्या कंट्री गायकाला अल्झायमर झाला होता. त्याचा शेवटचा अल्बम झाला तो जुन्या मित्राने ओळ वाचून दाखवायची आणि त्याने तेवढी म्हणायची असं करत. त्यातही बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी आहेत. २०१७ च्या जूनमध्ये निघाला आणि ऑगस्टमध्ये तो गेला.

आणि मोबाइलवर कुणालाही पाठवायचं नाही, बाबा स्वतः म्हणेपर्यंत. हे आधी सांगून टाका.

लोकमान्यनगरची_लेक

तिघांचे आभार. उशिरा लिहिते आहे, कारण लिहिण्यासारखं काही घडायची वाट बघत होते.

साधा_श्रोता यांचं मी बाबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याने माझ्या मनातलं लिहिलंय." मला वाटलं, संपलं. मग देवासरोड यांचा प्रश्न विचारला. कुठली उमजली? उत्तर दिलं नाही. पण रात्री वहीचे कागद फाडल्याचा आवाज आला, आणि सकाळी चहाच्या कपाखाली यादी होती. गणिताच्या मास्तरांची यादी, आकडे घालून. सहा गाणी. त्यात एकही त्यांचं हातखंडा, टाळ्या घेणारं गाणं नाही. तुकोबांचे दोन अभंग, एक माळवी निर्गुणी भजन आणि तीन भावगीतं. त्यातलं एक आई भाकरी थापताना गुणगुणायची, ते बाबांनी कधीच म्हटलं नव्हतं. "ते तिचं होतं," म्हणाले.

पेटी खाली उतरवली. भात्याची एक घडी फाटली होती, आणि खालची पांढरी सहा दाबली की नुसता वारा यायचा. नेमकी हवी तीच पट्टी. दुरुस्तीला आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी "आली का?" असं तीनदा विचारणं झालं.

गेल्या रविवारी पहिलं गाणं झालं, आईचं. पाच वेळा थांबले. शेवटच्या कडव्याआधी मोठा श्वास आहे, छातीतली घरघर स्पष्ट ऐकू येते. मुलाने फोनवर विचारलं, "आजोबा, तेवढं काढून टाकू?"

बाबा म्हणाले, "ते राहू दे. मागे शेजारचा कुकर वाजलाय, तो काढता आला तर बघ."