'सच्चिदानंद' : पाटीवर कसं लिहायचं आणि अर्थ काय सांगायचा?

प्रश्न (सांगली) : विश्रामबागेत घर बांधून झालंय. वडिलांची इच्छा आहे की घराचं नाव 'सच्चिदानंद' ठेवावं. पाटी कोरणाऱ्यानं मात्र नमुन्यात 'सच्चितानंद' लिहून आणलंय. बरोबर काय? शिवाय कुणी अर्थ विचारला तर मला 'सत्य, मन आणि आनंद' एवढंच सांगता येतं. ते चालेल का?

प्रतिसाद (सातारा) : दादा, आधी कोरणाऱ्याला थांबवा. शब्द 'सच्चिदानंद' असाच आहे. सत् + चित् + आनंद, हे ब्रह्माचं, म्हणजे सगळ्याच्या मुळाशी असलेल्या एकाच तत्त्वाचं वर्णन. त् पुढे च आला की च्च होतो, आणि त् पुढे स्वर आला की त्याचा द् होतो; जगत् + ईश = जगदीश, तसंच. आमच्या सज्जनगडाच्या नावातही हाच सत् बसलाय. सत् + जन, त्याचा सज्जन झाला.

पण त्या सज्जनमुळेच घोटाळाही होतो. तिथे सत् म्हणजे चांगला, आणि सच्चिदानंदातला सत् म्हणजे 'असणारं'. हे दोन्ही अर्थ गीतेनं सतराव्या अध्यायात शेजारी शेजारी ठेवलेत : 'सद्भावे साधुभावे च सदित्येतत्प्रयुज्यते'. असणं या अर्थी आणि चांगुलपणा या अर्थी, दोन्हीकडे सत् वापरतात. तुम्ही जे 'सत्य' सांगता त्यानं ऐकणाऱ्याला खरं बोलणं आठवतं. इथे तो अर्थ नाही. छांदोग्य उपनिषदात आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो, 'सदेव सोम्येदमग्र आसीत्', बाळा, आधी हे सगळं केवळ सत् होतं. 'सत्ता' हा शब्दसुद्धा मुळात असणेपणाचाच. आपण तो आता निवडणुकीच्या बातम्यांपुरता ठेवलाय, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

'मन' तर पूर्ण काढून टाका. चित् वेगळं, चित्त वेगळं. चित्त हे मन, बुद्धी, अहंकार यांच्या पंक्तीतलं, अंतःकरणाचा भाग. ते रमतं, विटतं, थाऱ्यावर नसतं. आणि ते थाऱ्यावर नाही हे ज्याला कळतं, ते चित्. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ 'भान' येतं असं मला वाटतं. 'ज्ञान' म्हटलं की लोकांना पुस्तकं दिसू लागतात.

आमची आई सकाळी उठली की म्हणायची, 'लई झ्याक झोप लागली बघ, काय सुदीक कळलं न्हाई.' या एका वाक्यात तिन्ही पदं आहेत, हे वेदान्त वाचायला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं. गाढ झोपेत ती होती, नाहीतर 'मला झोप लागली' कोण म्हणालं असतं? हे सत्. 'काही कळलं नाही' हेही तिला कळलंच होतं, ते चित्. आणि तिथे ना लेकरं होती, ना गोडधोड, ना पैसा, तरी झोप 'झ्याक' होती. हा आनंद. वेदान्ती आचार्य हेच उदाहरण देतात. नैयायिक, म्हणजे न्याय या तर्कप्रधान दर्शनाचे पंडित, म्हणतात, हे उठल्यावर काढलेलं अनुमान आहे. त्यावर वेदान्त्यांचं उत्तर असं की ही आठवण आहे, आणि न अनुभवलेल्याची आठवण होत नाही. मला हे उत्तर पटतं.

आनंदाबद्दल थोडं जास्त. सुखाला आपण लगेच दुःखाची जोडी लावतो, 'सुखदुःख' हा जोडशब्दच आहे. 'आनंददुःख' कुणी म्हणत नाही. छांदोग्यातच सनत्कुमार नारदाला सांगतात, 'यो वै भूमा तत्सुखं, नाल्पे सुखमस्ति'. अथांग आहे तेच सुख, थोडक्यात सुख नाही. म्हणजे इथला आनंद हा मनाला आलेला हर्ष नव्हे, काही उणं नसणं आहे. तैत्तिरीय उपनिषदात माणसाचे पाच कोश, म्हणजे एकात एक असलेले थर सांगितलेत, त्यांत आनंदमय कोश येतो. शंकराचार्य त्यालाही ब्रह्म मानत नाहीत, कारण त्याला प्रिय, मोद, प्रमोद असे अवयव आहेत, तो कमीजास्त होतो.

एक गोष्ट अनेकांना नवी वाटेल. हा जोडशब्द जुन्या मुख्य उपनिषदांत अखंड सापडत नाही. तैत्तिरीयात 'सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म' आहे, बृहदारण्यकात 'विज्ञानमानन्दं ब्रह्म'. तिन्ही पदं एका माळेत ओवली गेली ती नंतरच्या उपनिषदांत. मराठीत तर शके 1212 ला हे माणसाचं नाव झालेलं होतं, ज्ञानेश्वर सांगत असताना ज्ञानेश्वरी लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा.

प्रतिसाद (मिरज) : काका, असणं, भान, आनंद म्हणजे ब्रह्माचे तीन गुण झाले. मग 'सगळं एकच' म्हणणारं अद्वैत कुठं राहिलं?

प्रतिसाद (सातारा) : शंका रास्त आहे, आणि ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभव' ग्रंथाचं पाचवं प्रकरण सगळं याच शंकेवर आहे. त्या प्रकरणाचं नावच 'सच्चिदानंदपदत्रयविवरण'. कापराचा शुभ्रपणा, वास आणि मऊपणा हे तीन कापूर नव्हेत, कापूर एकच, असं ज्ञानेश्वर म्हणतात. तुमच्या सांगलीच्या पेठेतली हळद घ्या. पिवळेपणा, वास, कडवटपणा वेगवेगळ्या पुड्यांत बांधता येत नाहीत. तरी माझा दाखला एका जागी लंगडतो. हळद उन्हात राहिली तर रंग उडतो आणि कडवटपणा उरतो. इथे तसं होत नाही. भान नसलेलं असणं आहे, हे कुणाच्या भानात आल्याशिवाय सांगायचं कसं?

म्हणून ही पदं गुण मोजत नाहीत, गैरसमज निवारतात. सत् म्हणजे 'नाही' असं नव्हे, चित् म्हणजे जड नव्हे, आनंद म्हणजे दुःख नव्हे. तेवढं काम करून शब्द मागे सरतात. ज्ञानेश्वरांचाच दृष्टांत : फूल फळ देऊन सुकतं, फळ रस देऊन संपतं, रस तृप्ती देऊन.

प्रश्नकर्ता (सांगली) : नमुना दुरुस्त करून घेतला. कोरणारा आता विचारतोय, शेवटी अनुस्वार द्यायचा की 'न्द'?

प्रतिसाद (सातारा) : संस्कृत श्लोक कोरणार असाल तर 'न्द'. मराठी घराला अनुस्वार. आणि 'च्चि' ऱ्हस्वच राहू दे, तिथेही कोरणारे चुकतात.