शब्दचर्चा: आमरी, बांडगूळ आणि ऑर्किड

आमरी हा शब्द ऑर्किडसाठीच आहे का? आमच्याकडे झाडावर उगवलेल्या कशालाही सरळ बांडगूळच म्हणतात, ते बरोबर आहे का?

– हो, आमरी म्हणजे ऑर्किड, आमर असंही म्हणतात आणि जुन्या पुस्तकांत आमर-कुल असं सापडेल. पण बांडगूळ अजिबात नाही. बांडगूळ फांदीच्या आत मुळं घुसवून त्या झाडाचं पाणी ओढून घेतं, आमरी नुसती सालीला धरून बसते, तिच्या मुळांवर पांढरट स्पंजासारखं आवरण असतं, त्यातून पावसाचं, धुक्याचं पाणी शोषते, झाडाकडून काहीच घेत नाही. या एका शब्दामुळे लोक आंब्या-फणसावरच्या चांगल्या आमऱ्या खरवडून काढतात म्हणून मला ही चूक फार खटकते. अर्थात गल्लत जुनीच आहे, संस्कृतात झाडावर वाढणाऱ्या परजीवी वनस्पतींना वंदा म्हणत आणि वांडा या ऑर्किडांच्या प्रजातीला नाव मिळालं ते त्याच शब्दावरून.

आणि सगळ्या आमरी झाडावर नसतात हो. कास पठारावर पावसाळ्यात जमिनीतून हबेनारिया वर येतात, पांढरी फुलं, त्यातल्या एकीला टूथब्रश ऑर्किड म्हणतात कारण सगळी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला. काष्ठौषधीच्या दुकानातला अमरकंद, सालमपंजा हे पण ऑर्किडचेच कंद. ऑर्किड हा शब्दही कंदावरूनच आलाय, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ वृषण, जोडीने असणारे कंद बघून दिलेलं नाव.

– व्हॅनिला पण ऑर्किड ना?

– हो, मूळची मेक्सिकोकडची वेल, आपण वापरतो ती तिची शेंग. मेक्सिकोबाहेर वेल वाढायची पण शेंगा धरायच्या नाहीत, मग १८४१ मध्ये रियुनियन बेटावर एदमाँ आल्बियस नावाच्या गुलामीतल्या बारा वर्षांच्या मुलाने हाताने परागीकरण करायची सोपी रीत शोधली आणि आजही बहुतेक ठिकाणी तसंच करतात. हे नाव खरं तर प्रत्येक आइस्क्रीमवाल्याला माहीत असायला हवं!

– मग नर्सरीत जाऊन आमरी मागायची का?

– तिथे ऑर्किडच म्हणा, कुंडीतलं दोन-तीन महिने फुलं टिकणारं ते फॅलेनॉप्सिस आणि लग्नाच्या डेकोरेशनमधली जांभळी फुलं बहुतेक डेंड्रोबियम, ती ऑर्किड म्हणूनच लोकांच्या आवडीची झाली आहेत. पण जगात २५,००० हून जास्त जाती, भारतातच १,२०० च्या वर, एवढ्या मोठ्या कुळाला आपला एक शब्द हवाच आणि आमरी छोटा, गोड आहे. शिवाय जिथे गावचं नाव असेल तिथे तेच पहिलं वापरावं. सीतेची वेणी बघा, झाडावरून लोंबणारा गुलाबी ठिपक्यांचा घोस, हेच फूल आसाममध्ये कपौ, बिहू नाचताना मुली केसांत माळतात, म्हणजे दोन्हीकडे केसांशीच नातं. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, गोव्याकडे तिला अजून काय म्हणतात ते कुणाला माहीत असेल तर लिहा प्लीज, घरातल्या मोठ्यांना विचारून लिहिलंत तर उत्तमच.