मदत हवी आहे: १९४९च्या पोस्टकार्डावरचा ‘गिरगाव बॅक रोड’ आज कुठे?

पागोळी:
आजोबांच्या नावे आलेल्या कार्डावर पत्ता असा: ‘१७१, दुसरा माळा, खोली २२, गिरगाव बॅक रोड, मुंबई ४’. इमारतीचं नाव नाही. नकाशात हा रस्ता सापडत नाही. गिरगाव रोड तो हाच का? इमारत उभी आहे का, तेही कळायला हवं.

नकाशेवाला:
नाही, रस्ते दोन आहेत. गिरगाव रोड म्हणजे आताचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग. बॅक रोड म्हणजे विठ्ठलभाई पटेल मार्ग, बोलताना व्ही. पी. रोड. शोधताना एस. व्ही. पी. रोडवर भरकटू नका. तो धाकट्या भावाचा, म्हणजे वल्लभभाईंच्या नावाचा, पूर्वीचा सँडहर्स्ट रोड. या एका ‘एस’पायी भलत्याच चाळीसमोर उभे राहाल.

‘मुंबई ४’ म्हणजे आजचा ४००००४. पिनकोड १९७२ साली आला, तेव्हा जुना आकडा शेवटी तसाच राहिला. कार्डावर पोचल्याचा शिक्का असेल तर भिंगाखाली टपाल कचेरीचं नाव वाचा, रस्त्याचा कोणता टप्पा ते कळायला मदत होईल.

१७१ मात्र जसाच्या तसा शोधू नका. शेजारच्या मिळकती एकत्र झाल्या की पाटीवर १६९/१७५ असा जोडनंबर येतो आणि मधला १७१ त्यात गडप होतो. तळमजल्यावरच्या दुकानांच्या पाट्या वाचत जा, बऱ्याच जणांनी नंबर लिहिलेला असतो.

सातबारा_नसलेला:
वरच्याशी सहमत. पण पाटीपेक्षा सी. एस. नंबर, म्हणजे शहराच्या भूमापनात जागेला दिलेला क्रमांक, भरवशाचा. त्या इमारतीचं एखादं जुनं खरेदीखत किंवा वर्तमानपत्रातली वकिलाची जाहीर नोटीस मिळाली तर काम फत्ते: लॉटन सर्व्हे नंबर (जुन्या मोजणीतला), कलेक्टरचा नवा नंबर, सी. एस. नंबर आणि पालिकेचा वॉर्ड व स्ट्रीट नंबर हे सगळं बहुधा एकाच परिच्छेदात असतं.

सी. एस. नंबरासोबत भूमापनाचा विभाग टिपून घ्याच. गिरगाव विभागात आणि भुलेश्वर विभागात तोच आकडा दोन वेगळ्या जागांना असू शकतो. विभाग कळला की पालिकेच्या विकास आराखडा २०३४च्या नकाशात तो तुकडा पाहता येतो. वॉर्डाचंही तसंच: सी. पी. टँककडचा भाग सी वॉर्डात, पुढचा डी वॉर्डात.

उभी आहे का, यासाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी चाळा. १ सप्टेंबर १९४०पूर्वीची इमारत ‘अ’ वर्गात, त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची ‘ब’ वर्गात. तुमची या दोहोंपैकी एकात बसायला हवी. यादीत नसली म्हणजे पडलीच असं धरू नका, पुनर्विकास होऊन टॉवरला नवं नाव मिळालेलं असू शकतं.

पागोळी:
धन्यवाद! पालिकेच्या जुन्या नोंदींत आजोबांचं नाव मिळेल का?

सातबारा_नसलेला:
ते भाडेकरू असतील तर तिथे वेळ घालवू नका, कर मालकाच्या नावे लागतो. घरात जुनी भाडेपावती शोधा. तिच्यावर मालकाचं किंवा ट्रस्टचं नाव असतं, आणि मालमत्ता पत्रकावरच्या (जागेच्या मालकीच्या सरकारी नोंदीवरच्या) नावाशी ते जुळलं तर जागा पक्की. खोली २२चा भाडेकरू कोण, हे हवं असेल तर इमारतीच्या दुरुस्तीच्या किंवा पुनर्विकासाच्या वेळी झालेली रहिवाशांची यादी पाहा. आजोबा त्याआधी सोडून गेले असतील तर तिथे पुढच्या माणसाचं नाव दिसेल.