मुंबईतल्या म्युझियममधली जुनी नक्षीची भांडी आणि मातीची माणसं: काय बघू, कसं बघू?

चाकावरची_मृणाल

नमस्कार मंडळी, पुढच्या महिन्यात मावसबहिणीच्या लग्नाला मुंबईत येतेय आणि लग्नानंतरचा एक अख्खा दिवस मोकळा आहे, तो मला फक्त जुनी सिरॅमिक्स बघण्यात घालवायचाय. मी कोल्हापुरात एका छोट्या स्टुडिओत चाकावर काम करते, हल्ली ग्लेझपण (भांड्यावरचा काचेसारखा चकचकीत थर) स्वतःच बनवायला लागलेय, त्यामुळे नुसतं "वा छान" म्हणून पुढे जाण्यापेक्षा ते कसं केलंय हे समजून बघायचंय.

मैत्रिणीने भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड म्युझियममधल्या एका फुलदाणीचा फोटो पाठवला, निळा-हिरवा ग्लेझ, आकार एकदम विलायती, आणि मधल्या पट्ट्यात चक्क अजिंठ्याची वाटावीत अशी माणसं, झुकलेले डोळे, दागिने, सगळं. लेबलवर बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट. मुंबईत असली भांडी कधी आणि कोण बनवत होतं? हे पोर्सिलेन, म्हणजे चिनी माती आहे का? आणि तिथेच वरच्या मजल्यावर मातीची छोटी छोटी माणसं आहेत म्हणे, वेगवेगळ्या जातीधंद्यांची, ती भाजलेली असतात की कच्चीच? अजून एक, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमलापण त्याच दिवशी जावं का, की एका दिवसात एकच धड होईल?

भायखळेकर

मृणालताई, प्रश्न वाचूनच आनंद झाला, कारण लोक राणीच्या बागेत पेंग्विन बघायला येतात आणि शेजारच्या या इमारतीत पायसुद्धा ठेवत नाहीत.

आधी भांड्यांचं. पोर्सिलेन अजिबात नाही, ती साधी मातीच आहे, कमी तापमानाला भाजलेली, वर पांढऱ्या मातीचं पातळ अस्तर, त्यावर रंगकाम आणि त्यावर पारदर्शक ग्लेझ. लेबलवरचं बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट म्हणजे आपलं जेजे स्कूल ऑफ आर्ट, ते १८५७ ला सुरू झालं, तिथले जॉर्ज टेरी म्हणून इंग्रज शिक्षक, त्यांनी १८७० च्या दशकात तिथे पॉटरीचं काम उभं केलं, आणि पुढे "वंडरलँड आर्ट पॉटरी" या नावाने तसा माल तयार होत होता. तंत्र आलं सिंधमधून. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता आणि तिथलं हाला, शेजारच्या पंजाबातलं मुलतान या पट्ट्यात चकचकीत निळ्या ग्लेझच्या फरशा आणि भांडी करायची शेकडो वर्षांची परंपरा, जी आपल्याकडच्या कुंभारांकडे नव्हती. आपल्याकडे लाल आणि काळी भांडी, झिलई नाही.

आता अजिंठा कुठून आला? त्याच जेजेमधले जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात होते, लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या नकला करायला. पेस्तनजी बोमनजींसारखी मुंबईची पोरं त्या कामात होती. ते काम वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा तीच कमळं, हंस, वेलबुट्टी आणि माणसं शेजारच्या पॉटरीच्या खोलीत पोचली यात नवल काय. म्हणजे आकार युरोपचा, ग्लेझ सिंधचा, चित्र अजिंठ्याचं आणि भट्टी मुंबईची. त्यातल्या बऱ्याचशा मूळ नकला लंडनला पाठवल्या होत्या, तिथे त्यातल्या कित्येक १८८५ च्या आगीत जळून गेल्या. त्या काळच्या मुलांनी अजिंठा कसा पाहिला हे कळायला आता ही भांडीसुद्धा एक साधन आहेत, म्हणून मला त्यांचं मोल फार वाटतं.

आणि एक मनापासून सांगतो. पुस्तकांत नाव टेरीचं येतं, पण चाकावर बसलेला, ब्रश धरलेला माणूस कोण होता ते लेबलवर नसतं. म्हणून भांड्याजवळ गेलात की रेषा बघा. एकाच फुलदाणीवर माणसांची रेषा जरा बिचकत चाललेली दिसते आणि काठावरची वेलबुट्टी मात्र एका दमात, न थांबता ओढलेली असते. वेलबुट्टी काढणाऱ्याचा हात आयुष्यभर तेच करत आलेला होता.

शाडू_आणि_काथ्या

मी पेणचा, घरात गणपतीचा कारखाना, त्यामुळे मातीच्या माणसांबद्दल मी लिहितो.

ताई, त्या बाहुल्यांवर ग्लेझ नाही. रंग भट्टीत पिकलेला नाही, वरून लावलेला आहे. हा फरक डोळ्याला लगेच कळतो, ग्लेझ केलेल्या वस्तूवर दिवा चमकतो आणि इथे रंग मंद, कोरडा दिसतो. यामुळेच चेहऱ्यावरचे बारीक फरक जमतात, गालाची लाली, मिशीचा काळा, कपाळावरचं गंध, कारण भट्टीत रंग बदलायची किंवा वाहायची भीती नाही. पण त्याची किंमत पण आहे, अशी वस्तू पाण्याने पुसता येत नाही, मुंबईच्या दमट हवेत रंगाचे पापुद्रे सुटतात, बोटं आणि काठ्या-छत्र्या पहिल्यांदा तुटतात. शंभर वर्षांची बाहुली एवढ्या शाबूत अवस्थेत बघायला मिळते ती कुणीतरी खूप काळजी घेतली म्हणूनच.

आपल्या पुण्यात एकोणिसाव्या शतकात अशा रंगवलेल्या मातीच्या बाहुल्या बनायच्या, त्या साहेब लोक विकत घेऊन विलायतेला न्यायचे, तिकडच्या म्युझियममध्ये आजही आहेत. लखनौची वेगळी, आणि बंगालमध्ये कृष्णनगरच्या घूर्णी भागातली तर सगळ्यात नावाजलेली, तिथले कारागीर खरं कापड नि खरे केससुद्धा लावायचे, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात ती गेली होती. भायखळ्याला जी आहेत ती बरीचशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, तेव्हा जेजेचे प्रिन्सिपॉल सेसिल बर्न्स या म्युझियमचेही क्युरेटर होते, नंतर अर्नेस्ट फर्न, यांच्या काळात ही मॉडेलं करून घेतली.

बघताना पायांकडे आणि पाठीकडे बघा. हौशी माणूस चेहरा चांगला करतो, पण वजन कुठल्या पायावर आहे, डोक्यावर ओझं घेतल्यावर कंबर कशी वळते, उकिडवं बसल्यावर धोतराचा घोळ कुठे पडतो हे ज्याला आलं तो खरा मूर्तिकार. माझे आजोबा कामाला ठेवायच्या पोरांना पहिल्यांदा बसलेला म्हातारा करायला लावायचे, उभा राजा नाही.

गिरगावचा_नाना

वरचं सगळं मान्य, पण एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. ही मॉडेलं कलेच्या प्रेमाने नाही केली, राज्यकर्त्यांना आपली प्रजा खणाखणात मांडून बघायची होती म्हणून केली. हा कोळी, हा भंडारी, हा बोहरी, ही पारशीण, एक एक नमुना. माणसाला नाव नाही, फक्त जात आणि धंदा. मुलांना घेऊन जाताना हे सांगितलं पाहिजे असं मला वाटतं, नाहीतर ती "किती क्यूट" म्हणून निघून जातात.

शाडू_आणि_काथ्या

नानासाहेब, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि तरी मी त्या काचेसमोरून हलत नाही. साहेबाने मागितला "नमुना", पण करणाऱ्याने ती माणसं रोज रस्त्यावर पाहिलेली होती. पगडी कशी बांधलीय, लुगड्याचा काष्टा कुठून घेतलाय, पखालीवाल्याची पखाल कुठल्या खांद्यावर कशी लटकते, हे कुणा साहेबाने त्याला शिकवलं नव्हतं. त्या पगड्या आता बांधणारेसुद्धा उरले नाहीत. मागणी कुणाची होती ते सांगाच मुलांना, आणि हात कुणाचा होता तेही सांगा.

गिरगावचा_नाना

हे पटलं. दोन्ही सांगेन.

अनघा_वाचते

प्रिन्स ऑफ वेल्स म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, तिथेही जाच, फक्त सगळं बघायचा मोह टाळा. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या दोघा भावांचे संग्रह त्यांच्या मागे या म्युझियमला मिळाले, चिनी-जपानी दालन त्यातूनच उभं राहिलंय, तुमच्यासाठी तेवढंच पुरे. भायखळ्याची माती डोळ्यात ताजी असताना लगेच चिनी पोर्सिलेन बघितलं की फरक कुणी सांगावा लागत नाही. कडा पातळ, अंग आतून पांढरं, पातळ जागी उजेड आरपार येतो, कारण त्यात केओलिन नावाची पांढरी माती असते आणि भट्टी १३०० अंशांच्या वर गेलेली असते.

पोर्सिलेनच्या बाहुल्यांबद्दल दोन गोष्टी सांगते, कुठेही बघितल्यात तरी उपयोगी पडतील, हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये तर युरोपियन पोर्सिलेन भरपूर आहे. युरोपला हे गुपित खूप उशिरा सापडलं, जर्मनीत माइसेनचा कारखाना १७१० मध्ये सुरू झाला, आणि १७३१ नंतर योहान योआखिम केंडलर या शिल्पकाराने बाहुल्यांना खरा जीव दिला. या बाहुल्या आधी कपाटात ठेवायच्या नव्हत्याच, राजवाड्यात मेजवानीच्या टेबलावर साखरेची शिल्पं मांडायचे त्यांच्या जागी या आल्या. आता नाचणाऱ्या बाईच्या किंवा मेंढपाळाच्या पायामागे झाडाचा बुंधा असतो तो शोधा. तो शोभेला नाही, आधाराला आहे! पोर्सिलेन ऐन आचेला मऊ पडतं, दोन बारीक पायांवर धड उभं राहूच शकत नाही, शिवाय भाजताना वस्तू साधारण एक षष्ठांशाने आकसते. हात, डोकं, टोपी सगळं वेगवेगळ्या साच्यात काढून पातळ मातीने चिकटवलेलं असतं. हे कळल्यापासून मी या बाहुल्यांकडे मागून बघायला लागले आणि त्या मला जास्तच आवडायला लागल्या.

जायची तयारी: भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरा, तिथून चालत अंतर आहे. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं, तो वार टाळा. सकाळी उघडताच आत शिरा, शाळांच्या सहली यायच्या आत. फ्लॅश बंद ठेवा, काचेत तोच दिसतो आणि वस्तू जाते.

चाकावरची_मृणाल

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, प्रिंट काढून पर्समध्ये ठेवणार आहे. भायखळेकर, एकच शंका, तो सिंधी निळा. मी कॉपर ऑक्साइड घालते तर हिरवाच येतो, फार तर शेवाळी, पण तो आकाशी-हिरवट फिरोजा रंग काही येत नाही, आणि एकदा सोडा वाढवला तर रंग जरा सरकला पण सगळीकडे बारीक तडे गेले. त्यांनी कसं जमवलं?

भायखळेकर

ताई, तुम्ही उत्तराच्या अगदी दाराशी उभ्या आहात. तांबं तेच, पण ग्लेझमध्ये शिसं असलं की हिरवा येतो आणि सोडा-पोटॅशचा क्षार भरपूर असला की फिरोजा. सिंधमध्ये हा क्षार खारट जमिनीतली झुडपं जाळून मिळवायचे, सज्जी म्हणतात, ती आणि दळलेली गारगोटी हा त्यांच्या ग्लेझचा पाया. तुमच्या फ्रिटमध्ये (ग्लेझसाठी आधी वितळवून दळलेल्या काचेच्या पुडीत) बोरॉन किंवा ॲल्युमिना जास्त असेल तरी रंग हिरव्याकडे ओढला जातो, डब्यावरचं प्रमाण बघा.

तडे जातात कारण सोड्याचा ग्लेझ थंड होताना खूप आकसतो आणि लाल माती तेवढी आकसत नाही, मग ग्लेझ ताणून फाटतो. त्यावर उपाय म्हणजे मातीवर थेट ग्लेझ न देता मध्ये गारगोटीचं प्रमाण जास्त असलेलं पांढरं अस्तर द्यायचं. त्या पांढऱ्यामुळेच तर निळा इतका उजळ दिसतो, लाल मातीवर तोच रंग मळकट होतो. आधी पाच-सहा छोट्या टाइल्सवर अस्तरातली गारगोटी थोडी थोडी वाढवत बघा, सगळं भांडं पणाला लावू नका. आणि भायखळ्याला गेलात की जुन्या भांड्यांच्या तळाजवळ नजर टाका, ग्लेझ जिथे संपतो तिथे पांढऱ्या अस्तराची कड आणि खालची लाल माती दोन्ही उघडी दिसतात, जाडी किती ठेवलीय त्याचा अंदाज तिथेच येईल.

चाकावरची_मृणाल

अस्तर! मी थेट लाल मातीवरच देत होते. आज रात्रीच टाइल्स कापायला घेते, लग्नाला यायच्या आधी एक भट्टी होईल, रंग कसा आला ते इथेच टाकते.